"गोळी सुरू केल्यापासून मी मी राहिलेच नाहीये"

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी ३२ वर्षांची, नोकरी करते, अडीच वर्षांचा मुलगा आहे. दुसरं मूल हवंय पण अजून दोन-तीन वर्षं तरी नको, म्हणून डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या, २१ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस सुट्टी अशा. सध्या तिसरं पाकीट चालू आहे. पहिल्या महिन्यात मळमळ, छाती दुखरी, मधेच डाग पडणं असं सगळं झालं. मळमळ गेली, डाग अजून पडतात. दीड किलो वजन वाढलंय. चिडचिड इतकी की मुलावर ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. नवऱ्याने जवळ यावं असं वाटतच नाही. डोकं दुखतं, जास्त करून सुट्टीच्या आठवड्यात, "आणि एकदोनदा डोकं दुखायच्या आधी डोळ्यासमोर चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा आल्या पण ते बहुतेक स्क्रीनमुळे". डॉक्टर म्हणाल्या तीन महिने जाऊ देत, शरीराला सवय होते. नवरा म्हणतो तू नेटवर वाचत बसतेस म्हणून तुला होतंय. नणंद म्हणते आत्ताच्या आत्ता बंद कर, नाहीतर पुढे मूल राहणार नाही. वैतागून तिने मधे तीन दिवस गोळ्या सोडल्या, मग भीती वाटली म्हणून परत सुरू केल्या. प्रश्न असा: "सहन करू का सोडून देऊ? आणि हे खरंच गोळीमुळे होतंय का माझ्याच मनाचे खेळ आहेत?"

मैत्रिणी,

चिडचिडीबद्दल तू भरभरून लिहिलंयस, वजनाबद्दलही लिहिलंयस, आणि ज्या ओळीवर मी थांबले ती तू अर्ध्या वाक्यात उरकलीस आणि वर स्क्रीनच्या माथी मारलीस. डोकं दुखायच्या आधी चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा. बाकीचं सगळं बोलू पण आधी हे, कारण बाकीच्या तक्रारींना थोडा वेळ देता येतो, हिला देता येत नाही.

अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा, एक प्रकार असतो ज्यात डोकं दुखायच्या आधी काही वेळ वेगळीच लक्षणं येतात, त्याला ऑरा म्हणतात. बहुतेकींना तो नजरेत दिसतो. समोर एक छोटा चकाकणारा ठिपका येतो, तो हळूहळू पसरतो, कडेला करवतीच्या दात्यांसारख्या हलत्या रेषा, कधी मधोमध एवढा भाग दिसतच नाही, म्हणजे समोरच्या माणसाचं अर्धं तोंड गायब. डोळे मिटले तरी रेषा दिसत राहतात. काहींना बोटांना मुंग्या येतात आणि त्या हळूहळू हातावरून ओठांपर्यंत चढतात, काहींना नेहमीचे शब्द सापडत नाहीत. हे साधारण ५ मिनिटं ते तासभर टिकतं, आपोआप जातं आणि मागोमाग किंवा तासाभरात डोकं ठणकायला लागतं. डोकं दुखत असताना नुसता उजेड सहन न होणं किंवा खूप वेळ स्क्रीन बघून डोळे थकणं म्हणजे ऑरा नाही. तुझं वर्णन मात्र ऑराकडे बोट दाखवतंय. मी तुला तपासलेलं नाही, ते डॉक्टरच ठरवतील, पण ठरेपर्यंत काय करायचं हे मी नक्की सांगू शकते.

तुझ्या गोळीत दोन हार्मोन असतात, एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. ऑरा येणाऱ्या बाईने एस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट सांगतात, वय कितीही असो. कारण असं की ऑरावाल्या मायग्रेनमध्ये स्ट्रोकचा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटण्याचा, धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि एस्ट्रोजेन तो अजून वाढवतं. तुझ्या वयात स्ट्रोक ही फार क्वचित होणारी गोष्ट आहे, त्यामुळे आज रात्री झोप उडवून घेऊ नकोस. पण जो धोका नुसती गोळी बदलून टाळता येतो तो घ्यायचा कशाला?

म्हणून आज डॉक्टरांना फोन कर आणि पहिलं वाक्य हेच बोल, "डोकं दुखायच्या आधी मला चमकत्या रेषा दिसल्या". फोन लागला नाही किंवा अपॉइंटमेंट चार दिवसांनी मिळाली तर तोपर्यंत ही गोळी घेऊ नकोस, कंडोम वापरा. पाकीट मधेच सोडल्याने शरीराला इजा होत नाही, दोन-चार दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव सुरू होईल एवढंच. गोळी बंद म्हणजे संरक्षणही बंद, आणि तुझ्या तर मधे तीन गोळ्या आधीच चुकल्यात. तेव्हा मागच्या पाच दिवसांत संबंध आले असतील तर तेही त्याच फोनवर सांग, इमर्जन्सी गोळी किंवा कॉपर टी लागेल का हे त्या ठरवतील आणि यात जितकं लवकर तितकं चांगलं. नेहमीची जी एका हार्मोनची इमर्जन्सी गोळी असते तिच्यात एस्ट्रोजेन नसतं, तेव्हा ऑराच्या कारणाने तिला घाबरायचं कारण नाही. शेवटच्या असुरक्षित संबंधाला तीन आठवडे झाले की प्रेग्नन्सी टेस्ट करून टाक, म्हणजे डोक्यातली टांगती तलवार जाईल.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, ऑरा हळूहळू पसरतो. एकदम, क्षणात, चेहरा एका बाजूला ओढला गेला, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, तर ते मायग्रेन आहे का याचा विचार करत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

आता तुझ्या डॉक्टरांच्या "तीन महिने जाऊ देत" कडे येते. नवरा, नणंद, डॉक्टर असे तीन सल्ले तुला मिळालेत आणि त्यातला सगळ्यात शहाणा सल्ला डॉक्टरांचाच आहे, फक्त तो तुझ्या सगळ्या तक्रारींना लागू नाही. मळमळ, छाती भरून येणं, मधेच डाग पडणं, या गोष्टी पहिल्या तीन महिन्यांत बहुतेकींच्या कमी होतात. शरीर बाहेरून येणाऱ्या हार्मोनला सरावतं, गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं आणि त्या नव्या तालात स्थिरावायला त्याला वेळ लागतो. इथे थांबणं योग्य. पण ऑरा, एका पायाची सूज आणि पोटरीत दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं, अचानक नजर जाणं, पोटात जबरदस्त कळ, यातल्या कशालाही तीन महिने नाहीत, तीन दिवससुद्धा नाहीत. आणि मन काळवंडून जाणं, सगळं संपवावं असे विचार येणं, यालाही नाहीत. मला वाटतं गोळ्या लिहून देताना प्रत्येकीला या दोन याद्या वेगवेगळ्या करून सांगायला हव्यात. तसं कोणी सांगत नाही आणि मग एक तर बायका डागांना घाबरून गोळी फेकून देतात नाहीतर पोटरी सुजली तरी सवय होईल म्हणून गप्प बसतात.

एका पायाची सूज आणि पोटरीतलं दुखणं शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचं लक्षण असू शकतं. या गुठळीबद्दल सगळ्यात जास्त भीती पसरवलेली असते म्हणून आकडे सांगते. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते. दोन हार्मोनची गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत तर ४० ते ६५ या वेगाने. म्हणजे गोळीने धोका वाढतो हे खरं, तो गरोदरपणापेक्षा कमी आहे हेही खरं. यातली एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही की हा धोका पहिल्या वर्षात जास्त असतो आणि महिनाभर किंवा जास्त गोळी सोडून परत सुरू केली की तो पहिल्यापासून मोजायला लागतो. म्हणून उगाच दोन महिने घ्यायची, दोन महिने "शरीराला आराम" द्यायचा, परत घ्यायची हे करू नये. असा आराम शरीराला लागत नाही.

"मनाचे खेळ आहेत का" हा प्रश्न मला जरा बोचला. कारण तो तुझा नाहीये, तुझ्या तोंडी कोणीतरी दिलेला आहे. १९५६ मध्ये प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर पहिल्या गर्भनिरोधक गोळीच्या मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं होतं की १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतायत आणि हे प्रमाण सरसकट वापरासाठी फार जास्त आहे. गोळी बनवणाऱ्यांनी त्यातला बराच भाग बायकांच्या मनाचा म्हणून बाजूला ठेवला. त्या पहिल्या गोळीत एस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आजच्या बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ असतं. म्हणजे त्या बायका खोटं बोलत नव्हत्या, डोस जास्त होता. पुढे १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली आणि गोळी घेतलेल्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नव्हतं, तेव्हा प्रेक्षकांतल्या तरुण बायका मधेच उठून प्रश्न विचारायला लागल्या. त्याच वर्षी तिथे गोळीच्या पाकिटात बाईसाठी माहितीचा कागद घालायचं ठरलं. तू रात्री जो बारीक अक्षरांचा कागद वाचून घाबरलीस ना, तो असा भांडून मिळवलेला आहे. तू तो वाचलास म्हणून तुला त्रास व्हायला लागला हे म्हणणं मला पटत नाही.

तरी नवऱ्याच्या बोलण्यातला जो कण खरा आहे तो मी झाकणार नाही. अभ्यासांमध्ये ज्यांना नुसती साधी, औषध नसलेली गोळी देतात त्यांच्यातही बऱ्याच जणी डोकेदुखी, मळमळ, मूड बिघडल्याचं सांगतात. पण ती डोकेदुखीही खरीच असते, दुखणाऱ्या डोक्याला त्याचं कारण कुठे माहीत असतं. आणि "एक तर सगळं गोळीमुळे नाहीतर सगळं मनामुळे" अशी वाटणी तू करून टाकलीयस तीच मला मान्य नाही. तुझ्या एकेका तक्रारीचं मूळ वेगळं असू शकतं, जरा सुटं करून बघूया.

डाग अजून का पडतात? तू मधे तीन गोळ्या सोडल्या होत्यास, ते एकच कारण पुरेसं आहे. अस्तराला आधार देणारं हार्मोन एकदम काढून घेतलं की ते सुटायला लागतं. एखादी गोळी विसरली तर आठवल्यावर लगेच घ्यायची आणि पुढच्या वेळेवर चालू ठेवायच्या, त्याने बिघडत नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली तेवढी घ्यायची, बाकीच्या चुकलेल्या सोडून द्यायच्या आणि पुढचे सात दिवस कंडोम. शेवटच्या आठवड्यात चुकल्या असतील तर हातातलं पाकीट संपवून, सुट्टी न घेता सरळ नवीन पाकीट सुरू करायचं, आणि पहिल्याच आठवड्यात चुकल्या आणि संबंधही आलेले असतील तर डॉक्टरांना विचारायचं. हे तुझ्यासाठी आता नाही, पण ज्या जणी ही गोळी पुढे घेणार आहेत त्यांनी फोनमध्ये लिहून ठेवा कारण ऐनवेळी काही आठवत नाही.

सुट्टीच्या आठवड्यातली डोकेदुखी हे तर ओळखीचं प्रकरण आहे. सात दिवस हार्मोन बंद होतात, एस्ट्रोजेन एकदम खाली जातं आणि त्या उताराला काही जणींचं डोकं दुखतं. ज्यांना ऑरा नाही, बीपी नीट आहे आणि फक्त हाच त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं की सुट्टी कमी करता येईल का किंवा लागोपाठ दोन-तीन पाकिटं घेता येतील का. त्या आठवड्यात येतं ते रक्त खरी पाळी नसतेच, ते हार्मोन थांबवल्याचं रक्त असतं, ते दर महिन्याला आलंच पाहिजे अशी काही वैद्यकीय गरज नाही. "घाण साठून राहते" वगैरे काही नसतं, अस्तर मुळात पातळच असतं.

वजन. इथे मी गोळीची बाजू घेते. औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून केलेल्या अभ्यासांमध्ये दोन हार्मोनच्या गोळीने मोठी वजनवाढ होते असं दिसलेलं नाही. सुरवातीला अंगात थोडं पाणी साठू शकतं, कपडे घट्ट वाटतात, काही जणींची भूकही वाढते. दीड किलोवरून गोळीला फाशी देऊ नकोस, तसंच कोणी म्हणालं की तुझं काहीच वाढलेलं नाही तर त्याचंही ऐकू नकोस. वजनाचा खरा प्रश्न दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनमध्ये जास्त दिसतो.

आणि चिडचिड, रडणं, इच्छा नसणं. हे तू सगळ्यात जास्त लिहिलंयस आणि मला तेच सगळ्यात जास्त टोचलं, बाथरूमचा नळ सोडून रडायचं म्हणजे मुलाला ऐकू जाणार नाही. डेन्मार्कमध्ये १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात हार्मोनची साधनं वापरणाऱ्यांमध्ये डिप्रेशनची औषधं पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, किशोरवयीन मुलींमध्ये सगळ्यात जास्त. वाढ फार मोठी नव्हती आणि अशा नोंदींवरून गोळीनेच झालं हे सिद्ध होत नाही. बहुतेकींच्या मूडला काही होत नाही, पाळीच्या आधी ज्यांचा जीव नकोसा होतो त्यांच्यातल्या काहींना तर गोळीने बरं वाटतं. पण काही जणींना खरंच सोसत नाही आणि त्या सांगतात तेव्हा त्यांचं ऐकायला हवं. इच्छेचंही तसंच, काहींची कमी होते, काहींची वाढते, बऱ्याच जणींची आहे तशीच राहते.

आता मी तुला उलटा प्रश्न विचारते, रागावू नकोस. गोळीच्या आधी तू कशी होतीस? अडीच वर्षांचं पोर, नोकरी, रात्रीत दोनदा उठणं, हे गोळीने आणलेलं नाही. झोप पुरत होती का, दिवसातला अर्धा तास तरी तुझा होता का, तेव्हाही नवरा जवळ आला की थकवा पुढे यायचा का? याचं उत्तर तुझ्याकडेच आहे आणि ते कागदावर आलं तर दिसेल. रोज रात्री फोनमध्ये एक ओळ लिही: आज मूड दहापैकी किती, झोप किती तास, डोकं दुखलं का, रेषा दिसल्या का, डाग पडला का. एवढंच. एस्ट्रोजेन आता बंद होणारच आहे, तर पुढचे दोन-तीन महिने ही नोंद ठेव. चिडचिड काही आठवड्यांत ओसरली तर पुढचं साधन निवडताना तो मोठा पुरावा असेल. नाही ओसरली तर ती वेगळी तपासायला हवी, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघायला हवं आणि डिप्रेशनबद्दलही बोलायला हवं, सगळं खापर गोळीवर फोडलं तर हे राहून जातं. आणि मधल्या काळात कधी जगणं नको वाटलं, स्वतःला किंवा मुलाला काही करावं असा विचार आला, तर नोंदीबिंदी सोड, त्याच दिवशी घरात कोणालातरी सांग आणि डॉक्टरकडे जा.

"सहन करू का सोडून देऊ" या प्रश्नातही माझं हेच म्हणणं आहे की तिसरं, चौथं, पाचवं दार आहे आणि तुला कोणी दाखवलेलं नाही. ज्यांना ऑरा नाही त्यांना नुसती गोळी बदलून फरक पडू शकतो. एस्ट्रोजेनचं प्रमाण वेगळं असतं, प्रोजेस्टिन वेगवेगळी असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल, ड्रोस्पायरेनोन, आणि एकीला जे झेपत नाही ते दुसरीला छान झेपतं. एका नंबरचा चष्मा लावून डोकं दुखलं म्हणून आपण चष्मा हा प्रकारच वाईट असं म्हणत नाही. मळमळ होणाऱ्यांनी गोळी रात्री झोपताना, पोटात काहीतरी असताना घेऊन बघावी, एवढ्यानेही पुष्कळ जणींचं काम होतं.

तुझ्यासाठी एस्ट्रोजेन नसलेलं काहीतरी शोधायचंय. एकाच हार्मोनची मिनी पिल असते, ती रोज न चुकता आणि वेळेवर घ्यावी लागते, डाग पडायची शक्यता असते, ऑरा असलेल्यांना सहसा देता येते पण नजर ठेवून. हार्मोनवाली कॉपर टीसारखी वस्तू असते जी गर्भाशयात बसवतात, तिच्यात सुरवातीचे काही महिने डाग आणि नंतर पाळी खूप कमी. साधी कॉपर टी, जिच्यात हार्मोन अजिबात नाहीत. तुझं सगळं पत्र वाचून मला तुझ्यासाठी ती पहिल्यांदा विचारात घ्यावीशी वाटते, कारण मूडचा संशय, ऑराचा प्रश्न, गोळी विसरणं, तिन्ही एका फटक्यात बाजूला होतात आणि दुसरं मूल हवं असेल तेव्हा काढून टाकता येते. तिची किंमत अशी की पाळी जास्त जाऊ शकते आणि पोट जास्त दुखू शकतं, विशेषतः पहिले काही महिने, तेव्हा आधीच पाळी खूप जात असेल किंवा रक्त कमी असेल तर डॉक्टरांशी नीट बोल. इंजेक्शन तुला मी सुचवणार नाही, ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने उशीर होऊ शकतो आणि तुझं दोन-तीन वर्षांचं गणित आहे.

हा उशीर इंजेक्शनचा, गोळीचा नाही. नणंदेला हे सांग, प्रेमाने सांग, कारण ती काळजीपोटीच बोलतेय. गोळी सोडल्यावर काही आठवड्यांतच बीज परत सुटायला लागू शकतं, आणि गोळी घेतल्याने पुढे मूल राहत नाही हे खरं नाही. काहींची पाळी गोळीच्या आधीच अनियमित असते, गोळीमुळे ती काही वर्षं घड्याळासारखी येते, गोळी सोडली की मूळचा प्रकार परत दिसतो आणि दोष गोळीला मिळतो. नणंदेला हेही सांग की दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांमध्ये अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं प्रमाण कमी दिसतं आणि तो फायदा गोळी सोडल्यावरही बरीच वर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका घेत असताना किंचित वाढतो आणि सोडल्यावर हळूहळू उतरतो. दोन्ही सांग, एकच बाजू सांगितली की माणसं विश्वास ठेवत नाहीत.

राहता राहिला नवरा. तुझ्या पत्रात तो फक्त एकदाच बोलतो, तेही "तू नेटवर वाचतेस" म्हणायला. मूल आत्ता नको हे दोघांचं ठरलं ना? मग गोळी आठवणीने घेणं, मळमळ, डाग, कागद वाचणं, डॉक्टर, हे सगळं एकटीकडे कसं काय आलं? त्याला या वेळी डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा, बाहेर फोन बघत बसायला नाही, आत, खुर्चीवर. तिथे ऑराबद्दल तो स्वतःच्या कानाने ऐकेल. आणि तुझं नवीन काहीतरी ठरेपर्यंत कंडोमची जबाबदारी त्याची. नेहमीच्या वापरात वर्षभरात १०० पैकी साधारण १३ जोडप्यांत कंडोम फसतो आणि गोळी ७ जणींत, कारण माणसं विसरतात, कंटाळतात, म्हणून प्रत्येक वेळी आणि पहिल्यापासून वापरायचा हे त्याच्याशी आधीच बोलून घे. इच्छा नाहीये हेही सांग, गोळीच्या आडून नको, सरळ सांग, म्हणजे तो स्वतःला नाकारलंय असं समजणार नाही आणि तुलाही दर रात्री झोपल्याचं सोंग करावं लागणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना बीपी मोजून घे, गोळी सुरू करताना मोजलं होतं का तेही आठव. आईला, बहिणीला, वडलांना कधी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती का, घरात कोणाला कमी वयात स्ट्रोक आला होता का, तू सिगरेट ओढतेस का, टीबीचं किंवा फिट्सचं औषध चालू आहे का हे त्यांनी विचारलं नाही तरी तू सांग. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं गोळीचा असर कमी करतात, साध्या अँटिबायोटिक्सने तसं होत नाही. कोणत्याही डॉक्टरने रेषांचं ऐकून "काही नसतं" म्हणत तीच गोळी पुढे चालू ठेवायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घे, यात उद्धटपणा नाही. आणि ऑराच आहे असं निघालं तर फाइलवर ते ठळक लिहून घे, कारण पिंपल्ससाठी, पीसीओडीसाठी, पाळी नियमित करण्यासाठी ज्या गोळ्या देतात त्यातल्या बऱ्याच गोळ्या याच दोन हार्मोनच्या असतात, फक्त कारण वेगळं सांगितलेलं असतं. पाच वर्षांनी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलीस तरी गोळी हातात घेताना विचारायचं, यात एस्ट्रोजेन आहे का.